मंगलच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तो माझ्या सगळ्या सामन्यांच्या गोष्टी आल्यागेल्याला रंगवून सांगतो — कुठल्या वर्षी कोण जिंकलं, कोणती मुलगी ऐन वेळी रडली, मी पंचाशी कशी भांडले. ही एक गोष्ट त्याच्याकडे नाही. आईला सांगणार होते, ती गेली. एकदा एका मैत्रिणीला सांगायचं म्हणून मुद्दाम नाशिक रोडहून रिक्षा करून तिच्याकडे गेले, आणि तासभर साड्यांवर बोलून परत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही, हे एवढ्या वर्षांत मला पुरतं कळलं आहे.

मी कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवायची. नव्वदीच्या सुरुवातीला लागले तेव्हा कोर्ट सिमेंटचं होतं आणि दुपारी इतकं तापायचं की बुटांचे तळ चिकटायचे. ते कोर्टही आम्हाला मुलांचं झाल्यावर मिळायचं. माझी नोकरी हंगामी, दर जूनला नवी ऑर्डर. प्राचार्य भले गृहस्थ होते, पण मुलींच्या संघाचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरी लहान मुलांचा नाच बघतानाचं हसू यायचं. मला त्या हसण्याचा संताप यायचा. हे मी आधीच सांगून ठेवते, पण ते कारण म्हणून धरू नका.

तेव्हा नाशिकमध्ये बास्केटबॉल येणाऱ्या मुली मिळत नसत, उंच मुली मिळत. उंच मुलगी दिसली की मी तिचा पत्ता काढायची आणि सरळ तिच्या घरी जाऊन बसायची. चहा व्हायचा, मग बापाचे प्रश्न. कपडे कसले घालणार? बाहेरगावी गेल्यावर झोपणार कुठे? बरोबर बाईमाणूस कोण? मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची आणि शेवटी म्हणायची, जबाबदारी माझी. माझा सगळा संघ त्या दोन शब्दांवर उभा होता. मंगलचे वडील मखमलाबादकडे झेंडू आणि भाजीपाला करायचे. त्यांनी कपबशी खाली ठेवली, मग म्हणाले, "लोकं लय बोलतात मॅडम. पण तुम्ही हाय म्हणल्यावर मला काय नाय. पोरगी तुमच्या भरवश्यावर." तेव्हा मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

त्यातूनच दुसरी एक गोष्ट आपोआप आली. आमच्या मुलींना स्थळं आली की मुलाकडचे चौकशीला माझ्याकडे येऊ लागले. तुम्हाला हा प्रकार माहीतच असेल — मुलगी बघून झाली, पसंतही पडली, तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, शेजाऱ्याला, बाईंना विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. आणि त्याचा एक अलिखित नियम असतो: चौकशीत कोण काय बोललं, ते कधी फुटू द्यायचं नाही. "कळलं आम्हाला" एवढंच म्हणतात. नाव विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. मी दोन-तीन लग्नं अशी जुळवून दिली होती. बायका मला पेढे आणून द्यायच्या.

आणि तिसरी गोष्ट पट्टीची. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खेळात दुखापतीबद्दल कोणी खरं बोलत नाही. जिचा पाय खरंच दुखतो तिची पट्टी आम्ही पॅंटखाली लपवतो, आणि जिला काही झालेलं नाही तिच्या गुडघ्याला चांगली जाड पट्टी बांधून तिला लोकांच्या डोळ्यांसमोर बसवतो. समोरचा संघ मग तिच्यावर माणूस लावत नाही. सगळेच करतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, उलट माझ्या हुशारीचं कौतुकच वाटायचं. खोटं बोलण्याचा हात असा रोजच्या सरावात तयार होतो, हे कुणी मला तेव्हा सांगायला हवं होतं का? सांगून मी ऐकलं असतं का?

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा विभागाच्या अंतिम फेरीत पोचलो. सगळा खेळ दोघींवर होता. वैशाली चेंडू घेऊन वर यायची आणि मंगल बास्केटखाली असायची. वैशालीच्या वडिलांचा नाशिकच्या द्वारका चौकाजवळ भाजीचा व्यापार, मंगलच्या घरचा माल त्यांच्याकडेच जायचा, लांबचं नातंही होतं. दोघी एका डब्यात जेवायच्या. वैशाली बुटकी आणि तोंडाळ, मंगल उंच आणि अबोल. वैशालीनं मान वळवली तरी मंगलला कळायचं की चेंडू कुठे येणार. असं शिकवून येत नाही. मला पुढे पुन्हा कधी तशी जोडी मिळाली नाही.

गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पलीकडचं जे कॉलेज आमच्यासमोर होतं, त्यांच्या मुली आमचा सराव बघायला येऊन बसायच्या. म्हणून मी मंगलच्या उजव्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि तिला कडेला बसवलं. नळावर पाणी प्यायला जाताना लंगडायचं, असंही बजावलं. तिला त्याची भारी गंमत वाटली. एकदा तर ती चुकून डाव्या पायानं लंगडली आणि वैशाली हसून हसून खाली बसली. मंगलच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्याच आठवड्यात सटाण्याकडून जीप आली.

स्थळ आल्याचं मला मंगलच्या वडिलांनी सांगितलं होतं. मुलगा तिकडे शाळेत शिक्षक, घरची कांद्याची शेती, बघण्याचा कार्यक्रम झालेला. त्यांना तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर बार उडवायचा होता. आमचा अंतिम सामना त्याच्या पुढच्या आठवड्यात. हळद उतरली नाही तोवर कोणती सून मैदानात येते? मी कॅलेंडर बघत बसायची. आणखी एक वर्ष. प्राचार्यांचं ते हसू. जूनची ऑर्डर. एवढं सगळं त्या एका मुलीवर टांगलेलं.

मुलाचे काका आणि आणखी एक गृहस्थ सरळ मैदानावर आले. पांढरी टोपी, पायांत जाड वहाणा, बोलणं मोठं आदबीचं. मी त्यांना झाडाखाली खुर्च्या दिल्या. त्यांनी मुलीच्या वागणुकीबद्दल विचारलं, मी खरं तेच सांगितलं — सोन्यासारखी मुलगी आहे. त्यांचं समाधान झालं. ते उठलेसुद्धा. मग त्यांची नजर कडेला बसलेल्या मंगलकडे गेली.

"पोरीच्या पायाला काय झालं शे?" काका म्हणाले. "आमचं शेताचं घर शे मॅडम. वाकायचं, बसायचं काम."

आता सांगते. थांबा — हे लिहितानाही हात मागे येतो आहे. मी हसून सांगू शकले असते की पट्टी खोटी आहे, आमच्या खेळातली थाप आहे. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग मी मंगलकडे पाहिलं, आणि मला बास्केटखालची मोकळी जागा दिसली. मी म्हणाले, "गुडघ्याचं आहे तिचं. आत्ता बरं वाटतं. पण पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. खाली बसणं, ओझं उचलणं — तुम्ही समजूनच घ्या."

शेवटचे तीन शब्द मी मुद्दाम घातले. आवाज खाली आणून, काळजीनं. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. मग हात जोडून म्हणाला, "उपकार झाले. तुम्ही होत्या म्हणून कळलं." ते गेटकडे गेले आणि मी शिट्टी वाजवून सराव सुरू केला.

मी पुढे अनेक वर्षं स्वतःला समजावलं की मला फक्त लग्न थोडं लांबवायचं होतं. खोटं आहे ते. लांबवायचं असतं तर मखमलाबादला जाऊन तिच्या वडिलांना एका शब्दानं विचारता आलं असतं. ते मनात आलं नव्हतं असंही नाही. आलं होतं. पण ते नाही म्हणाले तर? म्हणून मी विचारलंच नाही. मोडून टाकणं जास्त खात्रीचं होतं.

नकार आला. कारणही आलं — मुलीच्या पायात दोष आहे, खेळातल्याच माणसाकडून कळलं. कोणाकडून, ते रिवाजाप्रमाणे सांगितलं नाही. मंगलच्या वडिलांनी परोपरीनं सांगून पाहिलं की पट्टी खेळापुरती होती. कोण विश्वास ठेवणार? चांगल्या पायाला कोणी पट्टी बांधतं का?

मंगल माझ्या खोलीत आली ती दाराशीच बसली. मला वाटलं होतं, तिला मनातून सुटल्यासारखं वाटेल. खरंच वाटलं होतं. मी मुलींना चुलीपासून वाचवणारी बाई होते ना! ती अबोल मुलगी त्या दिवशी मात्र बोलली. बघण्याच्या वेळी दोघांना पाच मिनिटं ओट्यावर बोलू दिलं होतं. त्यानं तिला खेळाबद्दल विचारलं होतं. आमच्या शाळेत मुलींचा संघ नाही, तुम्ही आलात की काढू, असं म्हणाला होता. तिला तो आवडला होता, मॅडम. हे "मॅडम" तिचं. तिनं दोनदा म्हटलं — आवडला होता मला, मॅडम.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, कोणी सांगितलं असेल? मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. ती म्हणाली, शिपाईमामांनी पाहिलं, वैशाली गेटपाशी त्या सटाण्याच्या लोकांशी बोलत होती. तिच्या घरचे तिच्यासाठीही स्थळं बघतायत. ती असेल का?

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. मी म्हणाले, "असेल."

एवढंच. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. कॉलेजात येताना ते नेहमी धुतलेली टोपी घालायचे, त्या दिवशी मळ्यातून तसेच उठून आले होते. म्हणाले, मॅडम, तुम्ही एकदा सटाण्याला चला. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. बिचाऱ्याचा हिशोब अगदी बरोबर होता. मी सांगितलं म्हणूनच तर त्यांनी ऐकलं होतं. मुलाच्या त्या म्हाताऱ्या काकांसमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? मी म्हणाले, सामना होऊ दे, लगेच जाऊ. ते "बरं" म्हणून गेले. सामना होईपर्यंत तिकडे दुसरीकडे सुपारी फुटली होती. हे होणार हे मला ठाऊक नव्हतं का? नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मंगल खेळली. घरात बसून काय करू, म्हणाली. पण वैशालीशी तिनं बोलणं टाकलं. वैशालीनं एकदा तिचा हात धरायचा प्रयत्न केला तर तो झटकला, सगळ्या मुलींसमोर. वैशालीच्या आईला बाजारात कोणीतरी तोंडावर ऐकवलं. दोघींचे बाप वर्षानुवर्षं एकमेकांना माल देणारे, ते एकमेकांना बघून रस्ता बदलू लागले. आणि मी संघाला गोल उभं करून भाषण दिलं — घरचं भांडण घरी ठेवा, मैदानावर आपण सगळ्या बहिणी. मला आजही ते वाक्य आठवलं की शिसारी येते.

अंतिम सामन्याला माझा घसा पहिल्या पाच मिनिटांतच बसला. पट्टीचा डाव लागू पडला होता, पलीकडच्यांनी मंगलवर त्यांची सगळ्यात कच्ची मुलगी लावली होती. पण मंगल वैशालीकडे बघतच नव्हती. चेंडू हातात आला की ती कोणाही तिसरीला द्यायची, वैशाली मोकळी असली तरी. प्रेक्षकांतूनही ओरडा सुरू झाला. मला वाटलं, आता वैशालीही तसंच करील, आणि मग सगळं संपलं. मी बाकावरून उठून उभी राहिले. वैशालीनं तसं केलं नाही. ती चेंडू घेऊन वर यायची, तिच्यासमोर स्वतः टाकायची संधी असायची, तरी मान वळवून मंगललाच द्यायची. पुन्हा पुन्हा. मंगल तो झेलायची, टाकायची, आणि पाठ फिरवायची. आम्ही जिंकलो. मुलींनी मला उचललं. वैशाली कडेला बसून बुटाची नाडी सोडत होती, आणि मी वरून तिला पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

पुढच्या वर्षी तिनं खेळ सोडला. मी तिला विचारायला गेले नाही.

त्या करंडकानं माझं सगळं सुरळीत झालं. नोकरी कायम झाली, मुलींना कोर्टाची सकाळची वेळ मिळाली, पुढे विद्यापीठाच्या संघाबरोबर मी देशभर फिरले. सत्कार झाले. मुलींना घराबाहेर काढणारी बाई म्हणून माझ्यावर छापून आलं. ते खोटं नाही, पुष्कळ मुली खेळल्या, काहींना नोकऱ्या लागल्या. पण हे मी पारड्यात टाकायला सांगत नाही. मंगलच्या पायात दोष आहे ही बातमी मात्र नात्यात पसरायची ती पसरली. स्थळं येत, बघत, चालून दाखव म्हणत, आणि जात. चालून दाखव! जी मुलगी अख्ख्या विभागात सगळ्यात उंच उडी मारायची तिला. शेवटी एका बायको गेलेल्या माणसाशी, त्याच्या लहानग्या मुलासकट, तिचं लग्न झालं. वैशालीलाही लग्न मोडणारी म्हणून जवळपास कोणी केली नाही, तिला लांब सुरतेकडे दिलं.

आणि मग, खूप वर्षांनी, मोबाईल सगळ्यांच्या हातात आले होते तेव्हा, वैशालीचा फोन आला. माहेरी आलीय, भेटायचंय. ती कोर्टावरच आली. अंगानं भरली होती, बोलणं तसंच तोंडाळ, मध्ये मध्ये गुजराती शब्द. तिची मुलगी उंच झाली होती, तिला खेळायला घालायचं होतं, त्याबद्दल तिनं विचारलं. मी सांगत गेले. जाताना ती सहज, पर्स खांद्याला लावत म्हणाली, मॅडम, तुम्ही त्या लोकांना काय सांगितलं होतं ते मला त्याच दिवशी माहीत होतं.

मी खुर्चीचा हात धरला.

काकांना खात्री करायची होती. गेटपाशी वैशाली दिसली म्हणून त्यांनी तिला थांबवून विचारलं होतं — मॅडम म्हणतात गुडघा कामातून गेला, खरं का? तिनं सांगितलं, काही झालेलं नाही, पट्टी खोटी आहे, आम्ही समोरच्यांना फसवायला बांधतो. देवाशपथ सांगितलं. तेच शिपायानं पाहिलं होतं. "ते हसले मॅडम," वैशाली म्हणाली. "म्हणाले, तू मैत्रीण शे, तू असंच म्हणणार. मॅडम कशाला खोटं बोलतील?"

मग तू मंगलला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. बघा, तेव्हाही मीच विचारत होते.

ती म्हणाली, "सांगायला गेले होते. तिचा हात धरला, तेव्हाच सांगणार होते. मग वाटलं, तीपण तेच म्हणेल. मॅडम कशाला खोटं बोलतील? आणि समजा पटलं असतं, तर आमच्यातली एकतरी पोर तिच्या बापानं परत कोर्टावर पाठवली असती का?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. तिनं घड्याळ बघितलं, रिक्षा थांबलीय म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडून गेली.

यालाही आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले. मंगल दर दिवाळीला घरी येते, घरच्या झेंडूची टोपली घेऊन, नवरा आणि मुलगा बरोबर असतात. माझा नवरा तो अंतिम सामना काढतो आणि वैशाली कसे पास द्यायची ते सांगू लागतो. तिचं नाव निघालं की मंगल अजून तोंड फिरवते. म्हणते, तिचं नाव नका काढू सर, तिनं माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं, मॅडमना विचारा.

मी चहा ठेवायला आत जाते.